जाड पार्का नको, वारा अडवणारा हवा

डिसेंबर उजाडला की उदगीरच्या बाजारात फुगीर, गुबगुबीत पार्का टांगले जातात आणि जो सगळ्यांत जाड तोच सगळ्यांत उबदार, असा हिशेब करून ते घेतलेही जातात. दिल्लीच्या किंवा सिमल्याच्या थंडीला हा हिशेब लागू पडेल, इथल्या थंडीला नाही. बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर असलेल्या या गावाची थंडी मुख्यतः पहाटेची आहे. हवा कोरडी, आभाळ निरभ्र आणि बरीच रानं उघडी पडलेली, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्रीतून भराभर निवते. उत्तरेचे वारे सुरू झाले की मराठवाड्यात पारा १० अंशांच्या खाली उतरतो. परभणीत तो ५ अंशांखालीही गेलेला आहे. पण त्याच दिवशी दुपारी तो २५ ते ३० अंशांपर्यंत चढतो. पहाटे सहाला कुडकुडणारा माणूस अकरा वाजता घामाघूम होतो, आणि जाड पार्का काढून ठेवायला ना दुचाकीवर जागा असते, ना कचेरीतल्या खुर्चीवर.

शिवाय ही थंडी झोंबते ती बहुतेकांना दुचाकीवर. शरीराभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो आणि कपडा तो थर धरून ठेवतो. वारा आत शिरला की हा थर उडून जातो. हवामानशास्त्रात यासाठी एक सूत्र वापरतात. त्यानुसार १० अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या चेहऱ्याला सुमारे ६ अंशांइतका गारठा जाणवतो. हवा स्तब्ध असली तरी गाडीचा वेगच वारा निर्माण करतो. देवणी, जळकोट किंवा देगलूरच्या रस्त्याला भल्या सकाळी निघालेल्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी सैल विणीचा स्वेटर कितीही जाड असला तरी वारा त्यातून आरपार जातो. उलट साध्या स्वेटरवर घट्ट विणीच्या कापडाचा पातळ पार्का चढवला की तोच स्वेटर आपलं काम चोख करतो.

खऱ्या पार्क्याची घडणही अशीच आहे. आर्क्टिकमधल्या इन्युइट लोकांचा, टोपी जोडलेला हा कातडी पोशाख. पुढे १९५१ साली अमेरिकी लष्कराने जो पार्का काढला, त्याचं बाहेरचं कवच वेगळं आणि आतलं उबदार अस्तर काढता येणारं होतं. गरज तशी ऊब कमी-जास्त करण्याची ही सोय उदगीरसारख्या हवेत फार मोलाची आहे. म्हणून दुकानात आधी अस्तर सुटं होतं का ते पाहावं. मग बाहेरचं कापड तोंडाला लावून जोरात फुंकर मारावी. श्वास सहज पलीकडे गेला तर वाराही जाणार. चेनच्या मागे कापडाची पट्टी हवी, गळपट्टी हनुवटीपर्यंत यावी, बाह्यांची टोकं मनगटाला घट्ट बसावीत. लांबी मांडीपर्यंत असेल तर चेन खालूनही उघडणारी घ्यावी, म्हणजे गाडीवर बसताना ती ताणली जात नाही. पार्क्याची टोपी हेल्मेटखाली नीट बसत नाही आणि मागे वाऱ्याने फुगते, म्हणून ती सुटी होणारी बरी. काळा किंवा गडद निळा पार्का धुक्यात दिसत नाही, तेव्हा पाठीवर चमकणारी पट्टी असावी. पिसं भरलेल्या महागड्या जॅकेटांची इथे गरज नाही.

यावर कुणी म्हणेल, दोन महिन्यांच्या थंडीसाठी एवढा विचार कशाला, घोंगडी आणि शाल आहेच की. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी शेकोटीजवळ, अंगणात आणि रानात आजही उत्तम आहे. लोकर बरीचशी ओल पोटात घेऊनही ऊब टिकवते. पण गाडीवर शाल सुटते, तिचं टोक चाकात किंवा साखळीत अडकतं, आणि हा धोका पत्करण्यासारखा नाही. उत्तरेच्या प्रवासालाही चालेल असं जाड एकच घ्यावं, हे म्हणणं काटकसरीचं वाटतं. पण त्या आठ दिवसांसाठी आत आणखी एक स्वेटर चढवता येतो, उरलेल्या पहाटांना मात्र जाड जॅकेट पातळ करता येत नाही.

एक आक्षेप मात्र मान्य करावाच लागेल. रब्बीच्या हरभऱ्याला, गव्हाला रात्रीच्या लायटीवर पाणी देताना दारं धरणारा शेतकरी चिखलात तासन् तास उभा असतो. चालण्याने येणारी ऊब त्याला मिळत नाही आणि पाय भिजलेले असतात. त्याला वाऱ्याच्या आडोशाबरोबर भरपूर अस्तरही लागतं. त्याने सुटं अस्तर लावूनच पार्का घालावा, आत लोकरीचं काही असावं, आणि पैसे मोजकेच असतील तर आणखी जाड पार्क्याआधी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि कानटोपी घ्यावी.