परिचारिकेचे अखंड शिक्षण

अतिदक्षता विभागात रोग्याच्या खाटेजवळ अहोरात्र असते ती परिचारिका. रोग्याचे हृदय अकस्मात थांबले, तर ते बहुधा प्रथम तिच्याच ध्यानात येते. रक्तपुरवठा बंद पडताच काही मिनिटांतच मेंदूला कायमची इजा होऊ लागते. अशा वेळी ग्रंथ उघडून पाहण्यास अवसर नसतो. हातांत मुरलेले असेल तेच उपयोगी पडते.

छाती न उघडता, बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत अमेरिकेत बाल्टिमोर येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. रीत तीच राहिली, परंतु तिचे नियम बदलत गेले. प्रारंभी मिनिटास सुमारे ६० दाब देत. आता १०० ते १२० देतात. प्रौढ रोग्यास २००० सालच्या नियमांप्रमाणे १५ दाबांमागे २ श्वास देत. २००५ साली ३० दाबांमागे २ श्वास असे ठरले. २०१० साली श्वासमार्ग मोकळा करण्याआधीच दाब सुरू करावेत, असा क्रम आला. २००० साली शिकून तेथेच थांबलेली परिचारिका जुन्याच क्रमाने जाईल आणि मोलाचे क्षण वाया जातील.

शिवाय सराव सुटला की थोड्याच महिन्यांत कौशल्य ओसरू लागते. म्हणून पुतळ्यावर थोडा थोडा, पण वारंवार सराव करणे हितावह असते. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येचा २ वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला आहे. परंतु कोणतीही पदवी या नित्य सरावाची जागा घेऊ शकत नाही. सरावासाठी दिलेला अर्धा तास हा रुग्णसेवेतून काढलेला वेळ नव्हे; तीही रुग्णसेवाच होय.