खेळातील आगगाडी आणि तिचे शहर

शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाचे नाव एका लहान मुलाच्या हट्टावरून पडले आहे, ही गोष्ट संस्कृत शिकलेल्या वाचकांस परिचित असेलच. चारुदत्ताचा रोहसेन मातीचा गाडा नको, सोन्याचाच हवा म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाड्यात घालून त्याची समजूत काढते. हा प्रवेश वाचताना दरिद्री बापाच्या त्या हट्टी मुलास मी मनातल्या मनात नेहमी दोष देत आलो. गेल्या दिवाळीत आमच्याच घरी एक रोहसेन अवतरला, आणि माझे ते मत मला पुष्कळसे बदलावे लागले.

हा रोहसेन म्हणजे माझा नातू. वय वर्षे अकरा, इयत्ता सहावी, वास्तव्य पुण्यास. सुट्टीसाठी तो माहुरास आला तो विजेवर चालणारी एक छोटी आगगाडी बरोबर घेऊनच. आमच्या माहुरास खरी आगगाडी नाही. रेणुकामातेच्या व दत्तशिखराच्या दर्शनास येणारी मंडळी किनवट किंवा नांदेड येथे उतरून पुढे मोटारीने येतात. तेव्हा ओसरीवर रूळ मांडले जाताच गल्लीतील सारी बालसेना गोळा झाली, यात नवल नाही.

चिरंजीवांना हा नाद लागला तो पुण्यातील कोथरूडच्या संग्रहालयामुळे. तेथे भाऊसाहेब जोशी यांनी कित्येक वर्षे खपून लहान आगगाड्यांचे एक संपूर्ण जग उभे केले, आणि १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांस खुले झाले. सिग्नल, पूल, डोंगर चढणारी गाडी आणि अंधार होताच दिव्यांनी उजळणारे शहर हे सर्व तेथे एका दालनात पाहावयास मिळते. ते पाहिल्यापासून आपल्या गाडीलाही शहर हवे, आणि तेही मुंबईसारखे उंच इमारतींचे, असे याच्या मनाने घेतले. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, तेव्हा गाडीचे शहर मुंबईच असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद. परदेशी बनावटीच्या तयार इमारतींचे संच बाजारात मिळतात. पण त्यांच्या किमती ऐकून त्याच्या वडिलांनी साफ नकार दिला होता. परिणामी डोळ्यांत पाणी आणि जेवणावर राग. अखेरीस मी म्हटले, "अरे, मातीच्या गाड्यातही सोने घालता येते. आपण पुठ्ठ्याची मुंबई करू."

म्हटले खरे, पण करावयास बसल्यावर या म्हाताऱ्या शिक्षकाची परीक्षाच झाली. आम्ही जुन्या वह्यांचे पुठ्ठे कापले, त्यांना खळ लावली, आणि दोन दिवसांत दहा मजल्यांची पाऊण मीटर उंच इमारत उभी केली. ती रुळांशेजारी ठेवली आणि दोघेही हिरमुसलो. इमारत उंच होती, पण उंच वाटत नव्हती. शेजारून गाडी गेली की गाडीच उंदरासारखी दिसे, आणि इमारत एखाद्या कपाटासारखी. भरीस भर म्हणून ती एका अंगास कललेलीही होती.

त्या दिवसांत आमच्या मागील भिंतीचे गिलाव्याचे काम चालू होते. गवंडी माझाच जुना विद्यार्थी. सातवीत असताना त्रैराशिकाच्या गणितात तो हटकून चुके. एकदा भर वर्गात मी त्याला म्हणालो होतो, "गणित तुझ्या नशिबातच नाही." त्यानंतर लवकरच त्याची शाळा सुटली. आज तो माहुरात तीन-तीन मजल्यांची घरे बांधतो.

हात धुऊन तो चहासाठी ओसरीवर आला, क्षणभर आमच्या मुंबईकडे पाहत राहिला, आणि खिशातून ओळंबा काढून त्याने तो इमारतीच्या कोपऱ्याशी धरला. मग हळूच म्हणाला, "गुर्जी, कलली ती कलली, ते सरळ करता येईल. पण ह्या दारातून कोण जाणार? आधी दार ठरवा. दार ठरलं की मजला ठरतो, मजला ठरला की घर ठरतं."

मी पट्टी लावून पाहिली. आमच्या इमारतीचे दार पाच सेंटिमीटर उंच होते, आणि गाडीचा डबा त्याहून थोडा बुटका! म्हणजे त्या दारातून आगगाडीचा डबा उभाच्या उभा आत गेला असता. असल्या घरात राक्षसच राहावयाचे, आणि राक्षसांच्या घराशेजारी माणसांची गाडी खेळण्यासारखी दिसणारच.

येथे वाचकांस या खेळाचे माप सांगितले पाहिजे. सर्वांत प्रचलित मापास 'एचओ' म्हणतात; 'ओ' नावाच्या जुन्या मोठ्या मापाचे ते निम्मे. त्यात प्रत्येक वस्तू मुळाच्या ८७ व्या हिश्श्याएवढी करतात. हिशेबाची सोपी किल्ली अशी, की एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. सात फुटांचे दार साडेचोवीस मिलिमीटर, दहा फुटांचा मजला पस्तीस मिलिमीटर, साडेपाच फुटांचा मनुष्य सुमारे एकोणीस मिलिमीटर. रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते, आणि ते परदेशांत रूढ असलेल्या ४ फूट ८॥ इंची मार्गाचे माप होय. आपला ५ फूट ६ इंची मार्ग काटेकोरपणे दाखवावयाचा, तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर लागेल.

ही किल्ली हाती येताच दुसरी अडचण पुढे आली. नातवाने मुंबईतील खऱ्या इमारतींची उंची काढली. १८७८ मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर २८० फूट. त्यास साडेतीनने गुणता ९८० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक मीटर. लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर उभी राहिलेली 'वर्ल्ड वन' ही इमारत योगायोगाने २८० मीटर आहे! तिला ८७ ने भागले तर सव्वातीन मीटर येतात. आमच्या ओसरीचे छत फोडूनच ती वर जाईल. पण गाडीचे तरी तसेच आहे. आपल्याकडील सत्तर फुटी डबा या मापात साडेचोवीस सेंटिमीटर होतो, आणि बारा डब्यांची गाडी तीन मीटर. आमच्या सहा फुटी फळीवर तीनच डबे धावू शकतात. जेथे गाडीच तोकडी केली, तेथे इमारतही त्याच हिशेबाने तोकडी करावयास हवी. म्हणून या कलेतील जाणते लोक दार, खिडकी आणि मजला यांचे माप मुळीच सोडत नाहीत. मजल्यांची संख्या मात्र निःसंकोच कमी करतात. पाहणारा मजले मोजीत बसत नाही. दाराशी उभ्या असलेल्या माणसावरून त्याची दृष्टी वर चढते, आणि ती चढत राहिली की इमारत उंच.

आम्ही पुन्हा आरंभ केला. या खेपेस बारा मजले, प्रत्येक साडेतीन सेंटिमीटरांचा. एकूण उंची बेचाळीस सेंटिमीटर. पहिलीपेक्षा ही इमारत पाऊण हाताहून थोडी कमी, म्हणजे तेहेतीस सेंटिमीटरांनी ठेंगणी. पण रुळांशेजारी ठेवताच ती आभाळास भिडल्यासारखी दिसू लागली. नातू तर टाळ्याच पिटू लागला.

पुढील युक्त्या आम्ही एकेक करून शिकलो. ज्यांच्या घरी असा नाद असेल, त्यांच्या उपयोगासाठी त्या येथे देतो.

पहिली युक्ती खोलीची. मागल्या बाजूच्या इमारती पूर्ण चौकोनी करण्याची गरज नाही. पुढची भिंत आणि बाजूंची दोन-दोन बोटे एवढेच करून त्या पाठीमागील फळीस टेकवाव्यात. जागा व पुठ्ठा दोन्ही वाचतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद भिंतींस उत्तम. खिडक्यांस स्वच्छ धुतलेल्या क्ष-किरण चित्रांची फिल्म लावावी. पुठ्ठा कापताना पोलादी पट्टी धरावी आणि पाते मोठ्या माणसाने हाताळावे.

दुसरी युक्ती दूरत्वाची. पुढल्या रांगेत मजला पस्तीस मिलिमीटर असेल, तर मागल्या रांगेत तो एकोणीस करावा. हे १६० व्या हिश्श्याचे माप. त्यामागे केवळ रंगवलेल्या आकृती. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात 'क्षयवृद्धी'चा विचार आहे. वळलेल्या देहाचे भाग चित्रात कमी-अधिक कसे दाखवावेत हे त्यात सांगितले आहे. तो विचार मानवी आकृतीचा. पण डोळ्यास जसे दिसते तसे दाखवावे, हे सूत्र येथेही लागू पडते. रंग कसे द्यावेत, हे शिकण्यासाठी आम्हांस कोठे जावे लागले नाही. दत्तशिखरावरून सकाळी पाहावे: जवळची डोंगररांग हिरवी, तिच्यामागची निळसर, आणि सर्वांत दूरची धुरकट, जवळजवळ आभाळाच्याच रंगाची. आमची मुंबईही त्याच क्रमाने फिकट होत गेली.

तिसरी युक्ती दृष्टीची. फळी जमिनीवर असली की आपण विमानातून पाहिल्यासारखे शहराच्या गच्च्या पाहतो, आणि कितीही उंच इमारत ठेंगणी वाटते. फळी टेबलावर ठेवून पाहणाऱ्याने बाकावर बसावे. रूळ डोळ्यांच्या पातळीच्या थोडेच खाली आले, की मान आपोआप वर जाते. आमच्या ओसरीवर मुलांत पुढच्या बाकासाठी भांडणे लागली ती यामुळेच.

चौथी युक्ती दिव्यांची. सर्व खिडक्या एकदम उजळल्या तर इमारत कंदिलासारखी दिसते. आत काळ्या कागदाचे आडपडदे घालून चारांतील एखादीच खिडकी प्रकाशित करावी, आणि दिवे कमी दाबाच्या विजेवरचेच वापरावेत. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे २००१ मध्ये उघडलेल्या 'मिनिआतुर वुंडरलांड' या अवाढव्य प्रदर्शनातही हेच एचओ माप वापरतात, आणि तेथे दर पाव तासात दिवसाची रात्र होते. आमच्याकडे रात्र करण्यासाठी माडीचे दार लोटून घ्यावे लागे, एवढाच फरक.

या उद्योगात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्या नातवाला गुणोत्तराच्या गणिताचे नाव काढताच पोटात दुखू लागे, तो आता न सांगता पाटीवर त्रैराशिक मांडू लागला. "आजोबा, पाण्याची टाकी सहा फुटांची धरली तर एकवीस मिलिमीटर ना?" मी वर्षानुवर्षे खडू घेऊन फळ्यासमोर उभा राहिलो, 'पाच मजुरांस एक भिंत बांधावयास आठ दिवस' हे गणित हजारदा घातले. पण ती भिंत कोणी मुलाने कधी पाहिली नव्हती.

आणखी एक लाज सांगितली पाहिजे. वराहमिहिराची बृहत्संहिता मी वाचलेली आहे. तिच्या प्रासादलक्षणात म्हटले आहे, की देवालयाची उंची रुंदीच्या दुप्पट असावी, गर्भगृह रुंदीच्या निम्मे, दाराची रुंदी गर्भगृहाच्या चतुर्थांश, आणि दाराची उंची त्याच्या रुंदीच्या दुप्पट. सोळा हात रुंद देवालय घेतले, तर उंची बत्तीस हात, गर्भगृह आठ, दार दोन हात रुंद व चार हात उंच. म्हणजे उंची किती हे ज्यास ठाऊक, त्यास दारही ठाऊक; आणि दार ज्याने मोजले, त्याने शिखर मोजले. हे सर्व मला मुखोद्गत होते. तरीही पुठ्ठ्याचे घर करताना मी दार अंदाजाने कापले, आणि ज्याच्या नशिबात गणित नाही असे मी ठरवले होते, त्याने येऊन मला तो श्लोक समजावून दिला.

भाऊबीजेच्या संध्याकाळी शहर पुरे झाले. नातवाने हट्टाने गवंड्यास निरोप पाठवला. दार लोटले, दिवे लागले, आणि बारा मजली इमारतीच्या पायथ्याशी वळण घेऊन गाडी स्थानकात आली. मुलांचा कल्ला ओसरल्यावर मी त्याला शेजारी बसवून म्हटले, "बाबा रे, त्या वर्षी मी तुला वर्गात बोललो ते चुकले. तुझा गणिताचा कागद मी नीट तपासलाच नसावा."

तो हसला. म्हणाला, "न्हाई गुर्जी, कागद कोराच व्हता."

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो कोरा कागद माझ्या डोळ्यांपुढून हालेना. त्यावर लिहावयाचे कसे, हे त्याला दाखवण्याचे काम माझे होते. आता या वयात गल्लीतील पाच-सहा मुले दर रविवारी आमच्या ओसरीवर येतात. पट्टी, पुठ्ठा आणि खळ मी देतो. पहिल्या दिवशी त्यांच्याकडून मी एकच गोष्ट करवून घेतो: घराचे दार किती उंच, ते स्वतः मोजून यावयाचे.