फ्रँचायझी घेताना कंपनीचे कोर्टकज्जे: समज आणि वस्तुस्थिती

चहाचं दुकान असो, प्ले-स्कूल असो की पॅथॉलॉजी लॅब, फ्रँचायझी घेणारा माणूस जागा, डिपॉझिट आणि रोजचा गल्ला यांची चौकशी बारकाईने करतो. पण फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीवर कुठे दावे चालू आहेत, आधीच्या फ्रँचायझीधारकांशी तिचे कशावरून तंटे झाले, हे फार कमी लोक विचारतात. निवृत्तीचा फंड किंवा जमीन विकून आलेली रक्कम यात घालणारेही विचारत नाहीत. त्यामागचा एक समज तर थेट भांडवलावर बेततो.

‘असं काही असतं तर कंपनीला सांगावंच लागलं असतं’ हा तो समज. अमेरिकेपुरता तो बराचसा खरा आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार करारावर सही होण्याच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ बाबींचा माहितीपत्रक-दस्तऐवज द्यावा लागतो. त्यातली तिसरी बाब खटल्यांचीच आहे. भारतात फ्रँचायझीसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही. इथे लागू होतो १८७२ चा करार कायदा. त्याच्या कलम १७ चं स्पष्टीकरण सांगतं की समोरच्याच्या निर्णयावर परिणाम करू शकणाऱ्या गोष्टीबद्दल नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. बोलणं हे कर्तव्यच ठरावं अशी परिस्थिती असेल तर मात्र ती फसवणूक होते. पुढे कलम १९ चा अपवाद आणखी कडक आहे. साध्या चौकशीने खरं कळण्यासारखं होतं आणि तुम्ही ती केली नाही, तर कंपनीच्या मौनाचं किंवा चुकीच्या माहितीचं कारण देऊन करार रद्द करून घेता येत नाही.

म्हणून प्रश्न लेखी विचारा. जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर हे मौन नसतं आणि त्या अपवादाच्या शब्दांत ते बसत नाही. प्रश्न साधा ठेवावा: ‘गेल्या दहा वर्षांत कंपनी, तिच्या संलग्न कंपन्या आणि संचालक यांच्यावर दाखल झालेले, तसेच कंपनीने फ्रँचायझीधारकांवर दाखल केलेले सर्व दावे, फौजदारी खटले, लवाद आणि तडजोडी कळवाव्यात.’ आलेलं उत्तर कराराला परिशिष्ट म्हणून जोडून घ्या. ‘करारात लिहिलेलं सोडून कोणतंही आश्वासन बंधनकारक नाही’ असं कलम बहुतेक छापील करारांत असतं. त्यामुळे ईमेलमध्ये किंवा मीटिंगमध्ये मिळालेल्या शब्दाचं वजन कमी होतं.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही फ्रँचायझी घेतात. ‘सरकारी नियमाचा कागद आहे, म्हणजे सरकारने तपासलेला असणार’ हा समज तिथे होऊ शकतो. तसं नसतं. कोणत्याही सरकारी संस्थेने ही माहिती पडताळलेली नाही, असं त्या कागदाच्या पहिल्याच पानांवर लिहिलेलं असतं. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत नोंदणी लागते, पण नोंदणी म्हणजे धंदा चांगला असल्याची हमी नाही. त्या तिसऱ्या बाबीलाही मर्यादा आहेत. फसवणुकीचे वगैरे प्रलंबित खटले, दहा वर्षांतले दोषी ठरवणारे निकाल आणि पैसे मोजून केलेल्या तडजोडी, शिवाय कंपनीने गेल्या आर्थिक वर्षात फ्रँचायझीधारकांवर केलेले दावे, मुख्यतः एवढंच त्यात येतं. त्याहून जुनं किंवा काही न देता निकाली निघालेलं त्यात सहसा सापडणार नाही. पण एक तरतूद मला फार मोलाची वाटते: जाहीर करावी लागणारी तडजोड गोपनीय असली, तरी काही मोजके अपवाद वगळता तिच्या मुख्य अटी सांगाव्याच लागतात.

‘आमच्यावर एकही केस नाही’ हे वाक्य आपल्याकडे प्रशस्तिपत्रासारखं ऐकलं जातं. दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कंपनीवर केस नसणारच. शिवाय फ्रँचायझी करारांत लवादाची अट सर्रास असते आणि लवादाची सुनावणी बंद दाराआड होते. फ्रँचायझी करारावरचे तंटे २०१५ च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली येतात. तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे भांडण पेटलेलं असूनही कोर्टाच्या यादीत नाव नसू शकतं. याउलट हजार दुकानं असलेल्या कंपनीवर चार-पाच दावे दिसले तर घाबरायचं कारण नाही. दावा कुणी, कुणावर आणि कशासाठी केला ते वाचावं. ब्रँडच्या नावाची नक्कल करणाऱ्यावर कंपनीने दावा लावला असेल, तर ती आपलं नाव जपते आहे. अनेक फ्रँचायझीधारक डिपॉझिट परत मागत असतील किंवा माल पुरवणाऱ्यांनी कंपनीवर चेक न वटल्याचे खटले टाकले असतील, तर मी तरी त्या धंद्यात पैसे घालणार नाही.

‘मोठ्या ब्रँडचं काय बघायचं?’ असंही म्हटलं जातं. मॅकडोनाल्ड्सने २०१३ मध्ये उत्तर भारतातले आपले भागीदार विक्रम बक्षी यांना संयुक्त कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकपदावरून हटवलं. वाद दिल्लीत कंपनी लॉ बोर्डापुढे आणि नंतर कंपनी न्यायाधिकरणापुढे चालला, लंडनमध्ये लवाद झाला. २०१७ मध्ये मॅकडोनाल्ड्सने १६९ रेस्टॉरंटचे परवाना करार रद्द केले आणि २०१९ मध्ये तडजोड झाली. इतक्या गाजलेल्या तंट्याची कागदपत्रंही वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली होती.

आपला शोधही तसाच, ठिकठिकाणी घ्यावा लागतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने जिल्हा न्यायालयांतले खटले दिसतात. उच्च न्यायालय आणि कंपनी न्यायाधिकरण वेगळे पाहावे लागतात. पाटीवरचं ब्रँडचं नाव टाकून फारसं हाती लागत नाही. करारावर असलेलं कंपनीचं नोंदणीकृत नाव टाका. संचालकांची नावं कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांच्या आधीच्या, बंद पडलेल्या कंपन्यांचाही शोध घ्या.

फ्रँचायझी सोडून गेलेल्या माणसांशी बोलायलाच हवं. अमेरिकेत गेल्या वर्षी बाहेर पडलेल्यांची नावं आणि संपर्क कंपनीला द्यावे लागतात; त्यांच्यापैकी कुणाकडून गप्प राहण्याचा करार करून घेतला असेल तर तेही कळवावं लागतं. आपल्याकडे ही यादी मागावी लागते. यादी आणि लेखी उत्तर हातात पडेपर्यंत टोकन म्हणूनही एक रुपया देऊ नका.