नांव एक, रोग अनेक

जुन्या काळीं तापाचे प्रकार, तो कसा चढतो, किती दिवसांनीं उतरतो व पुन्हां केव्हां येतो, यांवरून पाडीत असत. पुढें १८८० सालीं अल्जीरियांत लाव्हरां नामक फ्रेंच लष्करी डॉक्टरास हिवतापाच्या रोग्याच्या रक्तांत सूक्ष्म जंतु दिसले, आणि हा ताप त्याच्या कारणावरून ओळखतां येऊं लागला. हा लाभ लहानसहान नव्हे. क्विनीननें हिवताप हटतो, परंतु विषमज्वराच्या रोग्यास तें कितीही पाजलें तरी व्यर्थच होय. बाह्य लक्षण सारखें असलें तरी आंतील कारण निराळें असूं शकतें, आणि औषध लागू पडतें तें कारणावर.

मेंदूच्या झिजेच्या रोगांविषयीं आपलें ज्ञान मात्र आजही बव्हंशीं त्या जुन्या पायरीवरच उभें आहे. हातापायांस कंप सुटणें व चाल मंदावणें या लक्षणांचें वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं केलें. १९०६ सालीं मरण पावलेल्या एका विस्मृतिग्रस्त स्त्रीच्या मेंदूंत आढळलेले डाग व गुंते आलोइस आल्झायमर यांनीं त्याच वर्षीं जर्मनींत विद्वानांच्या सभेपुढें मांडले. त्यांचीच नांवें या रोगांस चिकटलीं. परंतु एका नांवाखालीं आलेल्या सर्वांचा रोग एकच, असें म्हणतां येईल काय?

आपल्या मज्जापेशींत निरनिराळीं प्रथिनें असतात. त्यांची घडी बिघडली म्हणजे तीं एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे बनतात. कोठें ‘टाऊ’ बिघडतें, कोठें ‘अल्फा-सिन्यूक्लीन’. कोठें पेशींतील केरकचरा काढण्याची व्यवस्थाच मंदावते. दोषांच्या वाटा अनेक, परंतु शेवटीं पेशी मरते, आणि घरच्या माणसांस दिसतो तो केवळ कंप किंवा विसराळूपणा.

या वाटा वेगळ्या ओळखाव्या कशा? एका डॉक्टराच्या दृष्टीस येणारे रोगी मोजकेच. म्हणून आतां माहितीचा प्रचंड संचय करण्यांत येतो. यासच ‘बिग डेटा’ म्हणतात. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँक’नें २००६ ते २०१० या काळांत ४० ते ६९ वर्षें वयाच्या सुमारें ५ लक्ष लोकांची नोंद केली. अशा संचयांत आनुवंशिक घटक, मेंदूचीं छायाचित्रें, रक्ताच्या परीक्षा, स्मरणशक्ति इत्यादि गोष्टी टिपलेल्या असतात. मग रोगाचें रूढ नांव बाजूस ठेवून, कोण कोणाशीं जुळतो हें संगणक पाहतो. पुठ्ठ्याच्या रंगावरून लावलेलीं पुस्तकें विषयवार लावावीं, तसेंच हें कार्य आहे. २०१४ सालीं युरोपांत सुरू झालेल्या ‘एटिओनॉमी’ प्रकल्पाचा उद्देश हाच होता.

याचीं फळेंही दिसूं लागलीं आहेत. २०२१ सालीं १,६१२ व्यक्तींच्या मेंदूच्या चित्रांवरून संशोधकांस असें आढळलें कीं, आल्झायमर रोगांत टाऊ चार निरनिराळ्या मार्गांनीं पसरतें. २०२३ सालीं १,१२३ व्यक्तींच्या पाठीच्या कण्यांतील द्रवाची परीक्षा प्रसिद्ध झाली. तींत पार्किन्सनच्या सुमारें ८८ टक्के रोग्यांत बिघडलेलें सिन्यूक्लीन सांपडलें. परंतु ज्यांचा रोग ‘एलआरआरके-२’ या आनुवंशिक दोषाशीं निगडित होता, त्यांच्यांत हें प्रमाण बरेंच कमी होतें. कंप तोच, कारण मात्र वेगळें!

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. एखादें औषध चौघांपैकीं एकासच लागू पडणारें असेल आणि तें चौघांसही दिलें, तर सरासरींत त्याचा गुण बुडून जातो व चांगलें औषधही निरुपयोगी ठरतें. २०२३ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें ‘लेकानेमॅब’ मेंदूंतील ‘अमायलॉइड’ प्रथिनाचे डाग कमी करतें व रोगाची गति कांहींशी मंदावतें. तें रोग समूळ बरा करीत नाहीं. ज्याच्या विस्मृतीचें कारण अमायलॉइड नव्हेच, त्यास तें देऊन काय उपयोग?

तथापि संगणकानें पाडलेला प्रत्येक गट खराच असतो, असें समजूं नये. तो दुसऱ्या लोकसमूहांत पडताळून पाहावा लागतो. शिवाय आजवरची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. तिच्यावरून आपल्या आजीआजोबांविषयीं निश्चित अनुमान कसें काढावें? या दृष्टीनें कर्नाटकांतील श्रीनिवासपूर तालुक्याच्या खेड्यांत बंगळूरच्या ‘सेंटर फॉर ब्रेन रिसर्च’नें वृद्धांच्या मेंदूचा जो दीर्घकालीन अभ्यास चालविला आहे, तो मोलाचा होय.

पालकांस एवढीच विनंति कीं, घरांतील वडील माणसाचा विसराळूपणा ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेऊं नये. वेळींच डॉक्टरांस दाखवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, हे गट पाडण्याचें काम गणितानें होतें. तेव्हां वर्गांतील रुक्ष सरासरी व कोष्टकें यांचा कंटाळा करूं नका. त्यांच्याच साह्यानें उद्यां एखाद्या आजोबांस आपल्या नातवाचें नांव आणखी कांहीं वर्षें आठवत राहील.