आमाशयद्वारी हृदय : स्थानज्ञानाचे व्यवहारातील मोल

अवयवांचे स्थान हा विषय विद्यार्थिदशेत परीक्षेपुरता पाठ करावयाचा आणि पुढे व्यवसायात मागे टाकावयाचा, अशी एक प्रवृत्ती आपल्यात रूढ झालेली दिसते. चिकित्सेचा विचार दोष, दूष्य आणि अग्नी यांच्या अंगाने होतो व तो तसा व्हावयासच हवा. परंतु दोषाचे अधिष्ठान कोणते, हे जाणल्यावाचून तो विचार पूर्ण होत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही हृदय व त्याच्या सभोवतालच्या रचना यांचा शास्त्र आणि प्रत्यक्ष या दोन्ही बाजूंनी परामर्श घेऊन, ‘छातीत जळजळते’ या नित्याच्या तक्रारीशी त्याचा कसा संबंध येतो, हे मांडणार आहोत.

शास्त्रातील स्थाननिर्देश

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात हृदयाला अधोमुख कमलकळीची उपमा दिली आहे. त्याच्या खाली डावीकडे प्लीहा व फुफ्फुस, तर उजवीकडे यकृत व क्लोम असल्याचे ते सांगतात. क्लोम म्हणजे नेमके काय, याविषयी मतभेद आहेत. कोणी उजवे फुफ्फुस, कोणी पित्ताशय, तर कोणी अग्न्याशय असा अर्थ करतात. तो वाद येथे बाजूस ठेवू.

आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे तो मर्मविचारातील उल्लेख. उर आणि उदर मिळून बारा मर्मे सांगितली आहेत. गुद, बस्ती व नाभी ही तीन वगळता हृदय, दोन स्तनमूल, दोन स्तनरोहित, दोन अपलाप व दोन अपस्तंभ अशी नऊ मर्मे छातीत येतात. त्यांपैकी हृदय हे सद्यःप्राणहर सिरामर्म होय. त्याचे स्थान सांगताना आचार्यांनी दोन खुणा दिल्या : दोन्ही स्तनांच्या मध्ये आणि आमाशयाच्या द्वारापाशी. पहिली खूण बाहेरून दिसणारी. दुसरी मात्र आतल्या शेजाराची आहे.

हा शेजार परदेशीयांनाही जाणवला होता. अन्ननलिका जेथे आमाशयात उघडते, त्या भागाला आधुनिक शारीरशास्त्रातही ‘कार्डिया’ असेच म्हणतात, आणि या ग्रीक शब्दाचा अर्थ हृदय असाच आहे.

प्रत्यक्षातील स्थिती

दोन फुफ्फुसांच्या मध्ये जो अवकाश आहे, त्याच्या मधल्या भागात, हृदयावरणाच्या दुपदरी पिशवीत हृदय असते. पुढे उरःफलक व पर्शुकांच्या तरुणास्थी, मागे पाठीचे पाचवे ते आठवे मणके, अशा मर्यादेत ते राहते. आकार ज्याच्या त्याच्या मुठीएवढा. वजन प्रौढात साधारणतः २५० ते ३५० ग्रॅम. ‘हृदय डावीकडे असते’ हे लौकिक विधान अर्धेच खरे आहे. सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे व एक तृतीयांश उजवीकडे असतो. टोक खाली, पुढे व डावीकडे वळलेले असून त्याचा ठोका डाव्या पाचव्या पर्शुकांतरात, मध्यरेषेपासून सुमारे नऊ सेंटिमीटरवर हाताला लागतो. उंच व कृश व्यक्तीत हृदय अधिक उभे, तर स्थूल व्यक्तीत आणि गर्भिणीमध्ये मध्यपटल वर सरकल्याने अधिक आडवे असते. म्हणून स्पर्शनपरीक्षेत ठोका नेहमीच्या जागी न लागल्यास प्रथम देहयष्टी विचारात घ्यावी.

आता शेजार पाहू. हृदयाच्या मागील बाजूस डावा अलिंद असतो व त्याच्या लगेच मागून अन्ननलिका उतरते. ती इतकी निकट आहे, की अन्ननलिकेत शलाका घालून तिच्या साह्याने हृदयाची सुस्पष्ट चित्रे घेता येतात. डावा अलिंद फार वाढल्यास अन्ननलिकेवर दाब येऊन गिळताना अडथळाही होतो. खालच्या बाजूस हृदयावरण मध्यपटलाच्या मध्यकंडरेशी घट्ट जडलेले असते. त्या पातळ पडद्याच्या पलीकडे यकृताचा डावा खंड व आमाशयाचा वरचा भाग आहे. आमाशयद्वाराचा निर्देश किती यथार्थ होता, हे यावरून ध्यानी यावे.

एक लक्षण, दोन अधिष्ठाने

माधवनिदानात अम्लपित्ताच्या लक्षणांत हृदय व कंठ यांचा दाह सांगितला आहे. दुसरीकडे सुश्रुताच्या उत्तरतंत्रात कफपित्ताने अवरुद्ध झालेला वायू हृदयात राहून श्वासाला रोधणारा शूल निर्माण करतो, असे हृच्छूलाचे वर्णन आहे. दोन्ही रुग्ण छातीच्या मध्यावर हात ठेवूनच बोलतात.

हृदय व अन्ननलिका यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या बऱ्याच अंशी समान खंडांत पोहोचतात. त्यामुळे वेदनेचे मूळ कोठे आहे, हे रुग्णाला सांगता येत नाही. त्यातही मध्यपटलावर टेकलेल्या हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा खंडित झाल्यास वेदना पोटाच्या वरच्या भागात जाणवून मळमळ, वांती व घाम ही लक्षणे दिसू शकतात. रुग्ण म्हणतो, ‘रात्री जेवण जड झाले’. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात तर स्पष्ट वेदना नसून केवळ दम, थकवा किंवा अस्वस्थता असू शकते.

येथे एका समजुतीचे निराकरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. शंखवटी किंवा एखादे अम्लनाशक दिल्यावर बरे वाटले, म्हणजे विकार आमाशयाचाच होता, असे अनुमान काढू नये. हृद्विकाराची वेदना काही काळ आपोआपही ओसरते. उपशयावरून निदान करण्याची आपली पद्धती योग्यच आहे. परंतु सद्यःप्राणहर मर्माच्या बाबतीत उपशयाची वाट पाहत बसणे धोक्याचे.

वैद्य व औषधालयचालकांनी काय करावे

नव्याने उद्भवलेली, श्रमाने वाढणारी, डावा हात, जबडा किंवा पाठ यांकडे पसरणारी, अथवा घाम व दम यांसह आलेली छातीतील वा वरच्या पोटातील वेदना ही अन्यथा सिद्ध होईपर्यंत हृदयाचीच समजावी. अशा रुग्णाचा हृद्विद्युत्‌लेख, म्हणजे ईसीजी, शक्यतो दहा मिनिटांत निघावा, असा आजचा दंडक आहे. पहिला आलेख निर्दोष आला तरी लक्षणे टिकून असल्यास तो पुन्हा काढावा लागतो. सोय नसेल तर रुग्णास चालवू नये, वाहन चालवू देऊ नये. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तिला तत्काळ पाचारण करावे.

औषधालयचालकांचे उत्तरदायित्व याहून कमी नाही. सूतशेखर, कामदुधा वा अविपत्तिकर चूर्ण मागावयास आलेला माणूस अनेकदा वैद्याकडे गेलेलाच नसतो. त्याला पाहणारी पहिली जाणती व्यक्ती दुकानाच्या फळीमागे उभी असते. ‘कधीपासून? चालल्यावर वाढते का? घाम आला होता का?’ हे तीन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. उत्तर होकारार्थी आल्यास पुडी बांधण्याऐवजी रुग्णास रुग्णालयाकडे वळवावे. त्या दिवशीची विक्री बुडेल. माणूस वाचण्याचा संभव वाढेल.

आचार्यांनी हृदयाचे स्थान सांगताना आमाशयद्वाराचे नाव घेतले, त्यातून आम्ही एवढाच बोध घेतो की, दाराशी आलेल्या प्रत्येक ‘पित्ताच्या’ रुग्णामागे हृदय उभे नाही ना, हे आधी पाहावे. अम्लपित्ताची चिकित्सा दुसऱ्या दिवशीही करता येते.