मोटारीतील गारवा व त्याची बटणे

वैशाखात नांदेड जिल्ह्यात पारा ४० अंशांच्या वर जाणे ही नवलाची गोष्ट नव्हे. लातूरचे पठार थोडे उंचावर असले तरी तेथील दुपारही सोसवेल अशी नसते. अशा दिवसांत एखादा रुग्ण अथवा बाळंतीण घेऊन लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने निघालेल्या मोटारीत हल्ली बहुधा थंड हवेचे यंत्र असते. परंतु त्याची बटणे नेमके काय करतात हे जाणणारे चालक थोडे. परिणामी उन्हाळ्यात विनाकारण खर्च होतो, आणि पावसाळ्यात समोरची काच धुरकट होऊन जिवावर बेतते.

घरातील कूलर व मोटारीतील ए.सी. यांचे कार्य एकच असावे, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, माठ झिरपून पाणी गार करतो, तोच हा प्रकार. म्हणून कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो व आषाढात निरुपयोगी ठरतो. ए.सी. हवेत पाणी सोडीत नाही. उलट हवेतील पाणी काढून घेतो. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले, तेथे कूलरच्या टाकीत काय ओतावे हा प्रश्नच होता. उभ्या मोटारीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हे हवेतून काढलेले पाणी होय. ती गळती नव्हे.

या यंत्राचे मर्म थोडक्यात असे. इंजिन पट्ट्याच्या साहाय्याने कॉम्प्रेसर फिरविते. तो बंद नळ्यांतील वायू दाबून तापवितो. हा तप्त वायू गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत जातो व बाहेरच्या हवेस उष्णता देऊन द्रवरूप होतो. पुढे बारीक छिद्रातून सुटताच त्याचा दाब उतरतो, आणि चालकापुढील फळीमागे असलेल्या कूलिंग कॉइलमध्ये त्याची पुन्हा वाफ होते. त्या वेळी तो आतील हवेची उष्णता शोषून घेतो. ए.सी.चे बटण दाबले की एक विद्युत्‌चुंबकीय क्लच कॉम्प्रेसरला पट्ट्याच्या चाकाशी जोडतो. अमेरिकेत १९४० सालच्या पॅकार्ड मोटारींत हे यंत्र कारखान्यातूनच बसवून मिळू लागले. तेव्हा असा क्लच नव्हता, आणि गारवा नको असल्यास इंजिन थांबवून पट्टाच उतरवावा लागे. त्या मानाने आजच्या चालकाचे कष्ट काहीच नाहीत.

ऊब मात्र फुकट मिळते. इंजिन थंड ठेवणारे गरम पाणी हीटरच्या लहानशा जाळीतून फिरविलेले असते. निळ्या-तांबड्या खुणांचे बटण फिरविले असता बहुतेक गाड्यांत एक तार ओढली जाऊन आतील झडप हलते. निळ्या टोकास थंड झालेली हवा सरळ बाहेर येते. तांबड्या टोकास ती हीटरवरून जाते. मध्ये ठेवल्यास दोहोंचे मिश्रण होते. काही गाड्यांत झडपेऐवजी गरम पाण्याचा नळच कमीजास्त होतो. हाताने चालणाऱ्या या व्यवस्थेत आतील माणसांना किती उकडते हे मोजणारे काहीच नाही. कॉइलजवळील मापक फक्त तिच्यावर बर्फ जमू देत नाही, इतकेच. यास्तव बटण मध्यावर ठेवल्याने इंधनाची फारशी बचत होत नाही. आधी थंड केलेली हवाच पुन्हा तापविली जाते. उन्हाळ्यात बटण निळ्या टोकास ठेवून गारवा पंख्याने कमीजास्त करावा.

पंखा फक्त शेवटच्या पायरीवरच चालत असेल तर पंखा बिघडलेला नसतो. खालच्या पायऱ्यांवर वीज एका रोधकातून जाते व शेवटच्या पायरीवर सरळ जाते. तेव्हा बहुधा तो रोधकच जळालेला असतो.

‘गॅस संपला’ हे निदान गावोगाव घाईने केले जाते. गॅस वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नवा भरणे म्हणजे फुटक्या मोटेने पाणी उपसणे होय. तत्पूर्वी साध्या गोष्टी पाहाव्यात. सोयाबीनच्या मळणीनंतर भुसा कंडेन्सरच्या जाळीत अडकतो. निंबाखाली उभ्या गाडीत पाला काचेखालील जाळीतून आत शिरतो. झडपेची तार निसटली तर गॅस पुरेसा असूनही हवा कोमट येते.

मृगाच्या पावसापासून खरा कस लागतो. प्रवाशांचा श्वास व ओली वस्त्रे यांची वाफ आतून काचेवर बसते. वर्तुळाकार बाणाचे बटण, म्हणजे आतलीच हवा फिरविणे, उन्हाळ्यात उपयोगी असले तरी येथे घातक ठरते. बाहेरची हवा आत घ्यावी, झोत काचेकडे वळवावा, ए.सी. चालू करावा आणि तापमानाचे बटण तांबड्याकडे न्यावे. कॉइल ओल काढते, हीटर ऊब देतो, आणि काच स्वच्छ होते. येथे थंडी व ऊब एकत्र चालविणे हा अपव्यय नव्हे. धुके काचेच्या बाहेरून आले असेल तर काच फार थंड झाली आहे असे समजून झोत तेथून काढावा व वायपर चालवावा.

चढावर भार घेऊन जाताना इंजिनच्या उष्णतेचा काटा वर सरकू लागल्यास ए.सी. बंद करावा व हीटर पूर्ण तांबड्यावर, पंखा पूर्ण वेगावर लावावा. आतील मंडळी घामाघूम होतील, पण हीटर हा दुसरा लहान रेडिएटरच असल्याने इंजिनची बरीच उष्णता त्यातून निघून जाते. काटा तरीही न उतरल्यास गाडी थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये.

उन्हात उभी गाडी पहिल्या १० मिनिटांतच सुमारे १० अंशांनी तापते, व काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाजारात जाताना लहान मूल क्षणभरही आत ठेवू नये. तसेच बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून गारव्यात झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्यास त्याची चाहूल लागत नाही.