परदेशाचं मावंदं

काशीहून परतलेला माणूस मावंदं घालायचा. गंगेच्या गडूची पूजा, गावजेवण, आणि जेवणं आटोपली की प्रवासाची हकीकत. माझ्या मते परदेशातले फोटो दाखवणं हेही मावंदंच आहे. जो फिरून आला त्याच्यावर न फिरलेल्यांचं देणं असतं.

हे मला १९७९च्या दिवाळीत माहूरला कळलं. मामा चार महिने अमेरिकेत धाकट्या भावाकडे राहून आले होते. सोबत कॅरोसेल प्रोजेक्टर आणि पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या, दोन इंची चौकोनी स्लाईडींचे डबे. तिकडची वीज ११० व्होल्टची, आपली २३०ची. म्हणून नांदेडहून जड ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. माळवदाच्या घरात भिंतीवर धुतलेलं धोतर ताणलं, खिडक्यांना घोंगड्या लावल्या. सतरंजीवर निम्मी आळी. कुटलेला तांबूल हातोहात फिरत होता.

स्लाईड ट्रेमध्ये उलटी घालावी लागते, कारण भिंग चित्र उलटं करतं. हे काम मामांनी मला दिलं. दिव्याच्या उष्णतेनं फिल्म किंचित फुगते आणि चित्र क्षणात धूसर होतं. मग भिंग पुढं-मागं करून ते पुन्हा स्पष्ट करायचं. तो खट्ट आवाज, मधला काळोख आणि पुढचं चित्र! त्या काळोखातच मामा गोष्टीचं पुढचं वाक्य जुळवत असत. मोबाईलवर बोटानं फोटो सरकवताना हा काळोख मिळत नाही आणि मला त्याचीच सर्वांत जास्त उणीव वाटते.

नायगारा आला तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, "सहस्रकुंडापेक्षा मोठा हाय का रे बाबा?" मामा थांबले. पावसाळ्यात पैनगंगा काळ्या कातळावरून कशी कोसळते, ते त्यांनी आधी सांगितलं, मग तिच्या मापानं नायगारा सांगितला. चित्र दहा मिनिटं तसंच राहिलं. पुढं दर दिवाळीला आजी तेच चित्र मागत.

या खेळाचं मूळ आपल्याकडं जुनं आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली: काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, मागून प्रकाश आणि सोबत संवाद-गाणी. १९०१मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत छायाचित्रकार सावेदादांनी कॅमेऱ्यात टिपलं; म्हणजे परदेशाहून परतणं हाच आपल्या पहिल्यावहिल्या चित्रपटांपैकी एकाचा विषय. मामांच्या स्लाईडी होत्या ती कोडॅकची कोडाक्रोम फिल्म १९३५ची, कॅरोसेल १९६१चा. कोडॅकचे स्लाईड प्रोजेक्टर २००४मध्ये बंद झाले, कोडाक्रोम २००९मध्ये.

कॅरोसेलच्या गोल ट्रेमध्ये ऐंशी स्लाईडी मावायच्या. त्यामुळं निवडावं लागे, आणि निवडताना प्रवास पुन्हा एकदा घडे. गेल्या वर्षी भाची युरोपहून आली, ती फोनमध्ये दोन हजारांवर फोटो घेऊन. दीडशे तर एका झटक्यात सगळ्यांना पाठवले. अंगठा दाखवण्यापलीकडं कुणी काही बोललं नाही. मी तिला म्हटलं, ऐंशीच निवड आणि माहूरला ये. चार रात्री ती निवडत बसली. गच्चीत चादर बांधली, दिवे घालवले. आयफेल टॉवर आला नि गेला. पण चुकलेल्या गाडीनंतरच्या रिकाम्या फलाटाच्या फोटोवर प्रश्न संपेनात. रात्र कुठं काढलीस? खाल्लंस काय? भीती नाही वाटली?

दुसऱ्या दिवशी मी मामांचे डबे उघडले. कोडाक्रोमचा स्वभाव असा की अंधारात ती रंग दशकानुदशकं जपते, पण प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात भराभर विटते. एकदाच दाखवलेले वॉशिंग्टन आणि शिकागो आजही लखलखीत आहेत. नायगाऱ्याची स्लाईड तेवढी फिकी पडली आहे. आजी ती दर दिवाळीला मागत होत्या.